पाव आटा मागे

४ ऑक्टोबर

लिही. ही वही डॉक्टरांनी मागितली आहे. गेल्या महिन्यात मी गॅसवर दूध ठेवून शेजारणीच्या दारात बोलत उभी राहिले आणि दूध जळलं, पातेलं जळलं. एवढ्यावरून माझ्या डोक्यातलं काहीतरी निसटायला लागलंय असं या घरानं ठरवून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, दिवसभरात काय झालं ते लिहीत जा. तीन महिन्यांनी मला वही दाखवा, म्हणजे विसरणं वाढतंय का ते कळेल." मी म्हटलं, "मला लिहायला येत नाही, हे मात्र मी अजून विसरलेले नाही."

म्हणून मी सांगायचं आणि सूनबाईनं लिहायचं असं ठरलं. ती शाळेत शिकवते. संध्याकाळी मुलांच्या वह्या तपासून झाल्या की माझी वही घेणार. पहिल्याच दिवशी तांबडं पेन घेऊन बसली. म्हटलं, ते ठेव बाजूला, बोलायच्या आधीच नापास झाल्यासारखं वाटतं.

"आणि मी सांगेन तेवढंच लिहायचं," मी तिला बजावलं.

"तुम्ही सांगाल ते सगळं लिहीन, आई," ती म्हणाली.

या दोन्हींत फरक आहे हे माझ्या लक्षात आलं, पण चहा निवत होता.

घरातली माणसं सांगून ठेवते, म्हणजे डॉक्टर गोंधळायचे नाहीत. मी. सूनबाई. माझा मुलगा, तो मालगाडी चालवतो. चार दिवस बाहेर, दोन दिवस घरी, आणि ते दोन दिवस झोपलेला. आणि माझी नात. एकोणतीस वर्षांची घोडी झाली तरी मी तिला मुंगी म्हणते, कारण लहानपणी स्वतःपेक्षा मोठी वस्तू दिसली की ती ओढत आणायची. ती विद्यापीठात उजेडावर संशोधन करते. पाच वर्षं झाली. उजेड अजून आहे तसाच आहे.

९ ऑक्टोबर

आज जेवताना मुंगीला विचारलं, "तू दिवसभर नेमकं करतेस तरी काय?"

"उजेडानं वस्तू हलवते."

"उजेडानं कधी कपाट सरकलंय?"

"कपाट नाही सरकत. पण उजेड ढकलतो, आजी. आत्ता हा दिवा तुला ढकलतोय."

"मग मी पडत का नाही?"

"फार थोडं ढकलतो म्हणून."

"म्हणजे तुझा बाप कपाट सरकवायला हात लावतो, तसा."

ती हसली. पुढे म्हणाली की धूमकेतूची धुळीची शेपटी सूर्यापासून लांब जाते ती उन्हाच्या धक्क्यानं. तिथे हवा नाही, अडवायला कुणी नाही, म्हणून एवढासा धक्काही पुरतो. इथे खाली तो दिसायला हवा तर वस्तू फार लहान घ्यावी लागते आणि उजेड फार दाट. ती पाण्याच्या थेंबात काचेचा कण सोडते, केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग. लेझरचा उजेड भिंगातून एका टोकावर आणते. कण त्या टोकाशी येतो आणि तिथेच अडकतो. टोक हलवलं की दावं लावलेल्या वासरासारखा मागे मागे येतो.

"का येतो पण?"

"कणातून जाताना उजेड वाकतो ना? कण उजेडाला एका बाजूला वळवतो, तेव्हा उजेड कणाला दुसऱ्या बाजूला लोटतो. असं सगळीकडून होऊन तो जिथे उजेड सगळ्यांत दाट, तिथे जाऊन बसतो."

काच उजेडाला वाकवते हे मला कुणी सांगायला नको. मी एकतीस वर्षं चष्म्याच्या कारखान्यात फ्रेममध्ये काचा बसवल्या. एक अक्षर ओळखत नाही, पण अर्ध्या गावाला वाचायला मी लावलं. पण उजेडही उलट काचेला लोटतो, हे त्या एकतीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

१० ऑक्टोबर

दिवसभर तेच डोक्यात. ज्याला वळवावं तो आपल्यालाही थोडं वळवतोच. हे खरं तर सासूला आधीच कळायला हवं होतं.

सूनबाई लिहिताना हसली. का, ते सांगत नाही.

१९ ऑक्टोबर

धुण्याचं मशीन बंद पडलंय. मुलगा म्हणाला, "उद्या बघतो." त्याचे उद्या आम्ही ओळखतो, म्हणून सूनबाईनं आणि मी चादरी हातानं धुतल्या. पिळायला ती एका टोकाला, मी दुसऱ्या. मुंगी दारात उभी राहून बघत होती.

"आजी, तू मनगट घट्ट धरू नकोस. आई पिळेल, तू नुसतं धर."

मी सैल धरलं. सूनबाईनं तिकडून पीळ दिला आणि इकडे माझी मनगटं आपोआप फिरली.

"हे माझं काम," मुंगी म्हणाली. "उजेडालाही असा पीळ देता येतो. एक खास काच असते, तिच्यातून गेला की तो पिळलेला बाहेर येतो. मग तो खडूच्या जातीच्या एका स्फटिकातून जातो. स्फटिक त्याचा पीळ काढून घेतो आणि स्वतः फिरायला लागतो. हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही. नुसत्या उजेडानं गरागरा."

"फिरतो?"

"फिरेल."

मग तिनं खरी बातमी सांगितली. परदेशातल्या एका मोठ्या संस्थेचं पत्र आलं आहे. जानेवारीत रुजू व्हायचं, दोन वर्षं, पुढे बहुतेक आणखी. अट एकच: प्रबंध पंधरा डिसेंबरच्या आत पुरा हवा, आणि त्यातला शेवटचा प्रयोग हाच. स्फटिक न थांबता फिरला पाहिजे आणि किती वेगानं फिरतो ते मोजलं पाहिजे. नाही फिरला तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर जाणं नाही. ती जागा दुसऱ्याला जाईल.

"छान झालं," सूनबाई म्हणाली. फार नीट म्हणाली. शाळेत पाहुणे आले की मुलं म्हणतात तसं.

मी म्हटलं, तिकडे थंडी असते.

सूनबाईलाही एकदा असं पत्र आलं होतं, मुंगी दोन वर्षांची असताना. दूरच्या गावी वर्षभराचं मोठं प्रशिक्षण, आल्यावर मुख्याध्यापिका होण्याची संधी. मी तिला जाऊ नको म्हटलं नव्हतं. एवढंच विचारलं होतं, मुलीला कोण बघणार? तिनंच नाही जायचं ठरवलं. मी काही बोलले नाही.

इथे पेन थोडा वेळ थांबलं होतं. मग सूनबाई म्हणाली, "पुढे सांगा, आई."

२ नोव्हेंबर

स्फटिक फिरत नाही. म्हणजे फिरतो, पण पाव फेरा फिरून थांबतो. मुंगी म्हणते की साध्या, न पिळलेल्या उजेडात तो असाच वागतो: आपला एक कोन पकडतो आणि हटून बसतो. पण ती तर पिळलेला उजेड देते आहे. मग पीळ जातो कुठे?

मी म्हटलं, स्फटिक तुझ्या आजोबांच्या वळणावर गेला असेल. ती हसली नाही. ताटातलं तसंच ठेवून उठली.

१४ नोव्हेंबर

आज मुंगीच्या चष्म्याची दांडी निघाली. तो स्क्रू तिनं रागानं इतका आवळला होता की आटेच गेले. मी माझा बारका पेचकस काढला आणि दुसरा स्क्रू घातला. ती समोर बसली होती, डोळ्यांखाली काळं. चष्मा नसला की ती सहा वर्षांची दिसते.

"आजी, मला जमत नाहीये," ती म्हणाली.

मी म्हटलं, "जमेल." पण खरं सांगायचं तर मनात आलं, न जमलं तर काय बिघडेल? पोरगी घरात राहील. दार वाजेल तेव्हा कोण आलं हे मला पावलांवरून कळत राहील.

२२ नोव्हेंबर

आज शनिवार. मुंगी मला तिची प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेली. म्हणाली, "तिथे आज कुणी नसतं, आणि मला तिथे एकटीला बसवत नाही."

खिडक्या नसलेली खोली. मधोमध एक टेबल, दाराएवढं जाड. त्याच्या पायांत हवा भरलेली, बाहेरून ट्रक गेला तरी टेबलाला पत्ता लागत नाही. वर छोट्या छोट्या दांड्यांवर आरसे आणि भिंगं ओळीनं उभी. मला परक्यासारखं वाटलंच नाही. सगळी आपल्याच घराण्यातली मंडळी.

तिनं पडद्यावर दाखवलं. करडं पाणी आणि मधे तांदळाच्या कणीएवढा ठिपका. तिनं उजेड सुरू केला. ठिपका वळला, पाव फेरा गेला आणि थांबला. नुसता थरथरत राहिला. झोपेत कूस बदलायला निघावं आणि मध्येच विसरून जावं, तसा.

"बघ," ती म्हणाली. "पिळणारी काच चारदा बदलली. लेझर तपासला. पाणी बदललं, स्फटिक बदलले. आमच्या बाईंनी पण सगळं पाहिलं." बाई म्हणजे तिच्या मार्गदर्शक. "त्या म्हणाल्या, आणखी सहा महिने घे. सहा महिने कुठून आणू?"

मग तिनं पिळणाऱ्या काचेच्या पुढचं एक साधं भिंग दाखवलं, पितळी कडीत बसवलेलं. "हे सुरुवातीला हलत होतं. तेव्हा तुझी शिकवण आठवली. हललं की बिघडलं. कडी अशी आवळली आहे की भूकंप झाला तरी हलणार नाही."

मी वाकून पाहिलं. कडीवर पेचकस घसरल्याचे दोन ओरखडे होते. जोर लावल्याशिवाय असे ओरखडे पडत नाहीत.

हे पुढचं लिहू नकोस.

काच जास्त आवळली तर ती फुटत नाही, कुरकुरही करत नाही. वरून बघाल तर लख्ख. पण तिच्या आत ताण बसतो. आमच्या कारखान्यात तपासपेटी होती. दोन काळ्या पट्ट्या, मागे दिवा. पट्ट्या अशा बसवलेल्या की दोन्हींतून मिळून उजेड येऊच नये. मधे चष्मा धरायचा. काच सुखात असली तर काळोख तसाच राहतो. जिथे ती आवळलेली असेल तिथे पांढरे डाग उमटतात, फुलपाखराच्या पंखांसारखे. म्हणजे आत आलेला उजेड ती काच बिघडवून सोडते. म्हणून आमचा नियम होता: स्क्रू घट्ट होईपर्यंत फिरवायचा आणि मग पाव आटा मागे, म्हणजे पाव फेरा उलटा.

मुंगी सहा वर्षांची असताना सुट्टीत माझ्या बाकाशी बसायची. मी तिला नियमाचा पहिला अर्धा शिकवला. तिच्या बोटांत जोरच एवढासा होता की तिचं घट्ट म्हणजे माझं पाव आटा मागे. उरलेला अर्धा सांगायची गरजच पडली नाही. आणि आता पोरीच्या हातात जोर आला आहे.

पिळणारी काच चारदा बदलली, आणि पुढे ही साधी काच तो पीळ बिघडवत बसली आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी तिला हे सांगितलं का? नाही सांगितलं. तोंडात मिठाची गुळणी धरून परत आले. वाटेत तिनं माझा हात धरला होता.

सूनबाईचं पेन मध्येच थांबलं होतं. म्हणते, शाई अडकली.

२४ नोव्हेंबर

मी म्हटलं, "शनिवारी भिंग बघितलं, पण त्याचं काय ते सांगायचं मी विसरले, असं लिही."

सूनबाई म्हणाली, "विसरलात असं लिहू, की विसरले असं लिही म्हणालात असं लिहू?"

"तुला शाळेत हेच शिकवतात का?"

"मी शिकवते, आई."

काय लिहिलं कोण जाणे. मला काय कळणार.

२६ नोव्हेंबर

घरात अळीमिळी गुपचिळी. मुंगी पहाटे जाते आणि अंधार पडल्यावर येते. सूनबाई तिला सांगेल असं मला वाटत होतं. तिला आता सगळं माहीत आहे, माझ्याच तोंडून. पण तीही गप्प. ती पोरीच्या डब्यात दोन अंडी जास्त घालते आणि माझ्याकडे बघत नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर नुसता लख्ख उजेड पडलाय, आणि तोही ढकलतो. कपाटावरच्या त्या जुन्या पेटीकडे मी दिवसातून चारदा बघते. कारखाना बंद झाला तेव्हा मालकांनी ज्याला जे हवं ते न्या म्हटलं. बायकांनी खुर्च्या नेल्या. मी तपासपेटी आणली.

२७ नोव्हेंबर

सकाळी चहा पिताना मुंगी म्हणाली, "मी त्यांना कळवून टाकते. नाही जात. इथेच राहीन, आईसारखी शाळेत शिकवीन. वाईट काय आहे त्यात?"

सूनबाईच्या हातातला चमचा बशीत पडला. "वाईट काहीच नाही," ती म्हणाली.

मुंगी म्हणाली, "सोमवारपर्यंत बघते. मग पत्र पाठवते."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. चहाचा पहिला घोट गोड लागला. दुसरा नाही लागला.

२९ नोव्हेंबर

आज सूनबाईला म्हटलं, "काही सांगत नाही. तूच वाच. गेल्या शनिवारचं वाच."

तिनं वाचलं. वर्ग ऐकतोय अशा आवाजात, अक्षर न् अक्षर. "हे पुढचं लिहू नकोस" हेसुद्धा वाचलं, आणि पुढचं सगळं. मधे थांबली नाही. मुंगीनं माझा हात धरला होता, तिथपर्यंत वाचून वही मिटली.

दुसऱ्याच्या आवाजात आपलं बोलणं ऐकणं ही काही बरी गोष्ट नव्हे.

"लबाड आहे ती म्हातारी," मी म्हटलं.

"आहे थोडी."

"आणि तुला आठ दिवस माहीत होतं. तू का नाही सांगितलंस पोरीला?"

ती वहीच्या कडेवरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "धडा तुमचा आहे. अर्धा तुम्ही ठेवलात, तुम्हीच पुरा करा." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आणि मलाही हवे होते, आई. आठ दिवस. जास्तीचे मिळाले तर मला काय नको होते?"

मी म्हटलं, हे लिहिणार आहेस का?

म्हणाली, "सगळं लिहीन म्हटलं होतं."

मग मीच विचारलं. सत्तावीस वर्षांनी विचारलं. "तेव्हा तुला जायचं होतं का गं? त्या प्रशिक्षणाला?"

ती म्हणाली, "हो."

खोलीत अंधार झाला. नंतर तिनंच दिवा लावला.

३० नोव्हेंबर

सांगितलं. सकाळी, मुंगी बूट घालत असताना. एका दमात सांगितलं, नाहीतर जीभ मागे फिरली असती.

ती एका पायात बूट घालून ऐकत राहिली. आधी म्हणाली, "साधं भिंग आहे ते, आजी." मग म्हणाली, "थांब." मग हवेत बोटानं काहीतरी काढायला लागली, इकडून उजेड, तिकडे काच. चेहरा असा झाला की कुणीतरी आत दिवे लावत चाललंय. आणि मग ते दिवे थांबले.

"तू गेल्या शनिवारी पाहिलंस."

"हो."

"आज रविवार. आठ दिवस, आजी. आठ दिवस मी झोपले नाही."

"मीही नाही झोपले."

"तुझं वेगळं होतं."

ते खरंच होतं. ती दुसरा बूट न घालताच खोलीत गेली आणि दार लावलं. आपटलं नाही, आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. मी स्वयंपाकघरात बसून राहिले. सूनबाईनं माझ्यासमोर मटार सोलायला ठेवले. हातांना काम असलं की तोंड गप्प राहतं, हे ती माझ्याकडूनच शिकली.

जेवणाच्या वेळी मुंगी बाहेर आली. ताटावर बसली नाही. माझ्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिची हनुवटी माझ्या डोक्यावर टेकली. लहानपणी ती माझ्या खांद्याला लागायची.

"मी गेले तर तुला करमणार नाही ना?"

"मला? मला तर मोकळं मोकळं वाटेल. न्हाणीघर रिकामं मिळेल."

"आजी."

"नाही करमणार," मी म्हटलं. "लिहून घेतलंय तुझ्या आईनं सगळं."

ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "ती पेटी कुठे आहे?"

१ डिसेंबर

मुंगीनं ते भिंग कडीसकट घरी आणलं, रुमालात गुंडाळून, अंड्यासारखं. आम्ही तपासपेटी खाली काढली. धूळ पुसली, नवा दिवा लावला. पट्ट्यांच्या मधे भिंग धरलं.

चार पांढरे डाग. चार बाजूंनी मधल्या काळोखात घुसलेले.

मुंगी कितीतरी वेळ बघत राहिली. "बिचारी काच," ती हळूच म्हणाली. "इतके दिवस."

माझी बोटं आता कापतात. मी कडी धरली आणि तिला पेचकस दिला. "सोड सगळं. आता परत फिरव. अजून. लागलं?"

"लागलं."

"आता पाव आटा मागे."

तिनं मागे घेतलं. आणि डाग विरत गेले, काचेवरची वाफ जावी तसे. शेवटी नुसता काळोख उरला, गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही.

"हलणार नाही ना पण?" तिनं विचारलं.

"हलवून बघ."

तिनं हलवून पाहिलं. नाही हललं.

सूनबाई तिघींमधली सगळ्यांत उंच, म्हणून मागून बघत होती. ती म्हणाली, "एवढंच होतं?" तिचा आवाज जरा चिडका आला. कुणावर, ते मी विचारलं नाही.

२ डिसेंबर

दुपारी फोन आला. सूनबाईनं माझ्या कानाला लावला.

"मुंगे? काय गं?"

"फिरतोय," ती म्हणाली.

"पाव फेरा?"

"नाही. फिरतोयच. थांबत नाहीये. मी कधीची बघत बसलेय."

मग फोनवर तिनं दाखवलं. तीच तांदळाची कणी, करड्या पाण्यात, गरागरा. एका सेकंदाला तीन फेरे, तिनं मोजले. उजेडाचा पीळ उलटा केला की स्फटिकही उलटा फिरतो, तेही दाखवलं. कुणी हात लावलेला नाही, फुंकर मारलेली नाही.

मी विचारलं, "हा थांबणार कधी?"

"उजेड बंद केला की."

"मग जेवून ये आधी."

"आले," ती म्हणाली. दोन तासांनी आली. ती दारात हसत होती आणि सूनबाई रडत होती. मधे मी उभी, भाजीचं पातेलं घेऊन. कुणाकडे बघावं कळेना म्हणून पातेल्यात बघितलं.

१३ डिसेंबर

प्रबंध विद्यापीठात दिला गेला. मुदतीच्या दोन दिवस आधी. पहिल्या पानावर आभार असतात म्हणे. सूनबाईनं वाचून दाखवलं. बाईंचे आभार, आईबाबांचे आभार, आणि मग: "आजीचे, जिनं मला काच घट्ट बसवायला शिकवलं, आणि तेवीस वर्षं आठ दिवसांनी उरलेलंही शिकवलं."

"आठ दिवस कशाला घातले?" मी म्हटलं. "तेवीस वर्षं पुरली असती."

"मोजमाप अचूक लागतं, आजी."

मुलगा आज घरी होता आणि जागाही होता. त्याला कळेना आम्ही तिघी का हसतोय. त्याला कुणी सांगितलंही नाही. शेवटी बिचाऱ्यानं जाऊन धुण्याचं मशीन दुरुस्त केलं.

५ जानेवारी

डॉक्टरांकडे वही नेली. त्यांनी बाहेरच्या रोग्यांना ताटकळत ठेवून अर्धी वाचली. मधेच चष्मा काढून त्याचे स्क्रू बघायला लागले.

"स्मरणशक्ती ठणठणीत आहे," म्हणाले.

मी म्हटलं, "तेच तर दुखणं आहे."

"वही बंद केलीत तरी चालेल."

१२ जानेवारी

मुंगी गेली. सामानाची पेटी तिच्यापेक्षा मोठी, तरी स्वतःच ओढत नेली. मी दारातच थांबले. जिने उतरणं मला झेपत नाही असं सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. निघताना ती माझ्या गळ्यात पडली, की मी तिच्या, ते आठवत नाही; डॉक्टरांना हे सांगायला नको.

थोड्या वेळानं ती माझ्या कानाशी म्हणाली, "आजी, पाव आटा मागे. बरगड्या मोडतील."

घेतला मागे.

तिची पावलं तिसऱ्या मजल्यावरून खालपर्यंत ऐकली. मग रस्त्याचा आवाज सुरू झाला, त्यात ती मिसळली.

१४ जानेवारी

आज सूनबाईनं मुंगीच्या पलंगावरची चादर काढली आणि हातानंच धुतली. मशीन बरं होऊन महिना झालाय, पण मीही काही विचारलं नाही.

न्हाणीघरात तिनं एक टोक माझ्या हातात दिलं.

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, वही बंद केली तरी चालेल."

"तुम्हाला नको असेल तर करू बंद," ती म्हणाली. "पण पानं उरली आहेत."

"किती?"

"बरीच."

"मग एखादं पान तू सांग. मी ऐकते. लिहायला तूच लागशील, त्याला माझा इलाज नाही."

"काय सांगू?"

"त्या प्रशिक्षणाचं सांग. कुठे होतं, काय काय शिकवणार होते. मी तेव्हा विचारलंच नव्हतं."

ती चादरीला पीळ द्यायला लागली. पाणी आधी धारेनं पडलं, मग थेंबाथेंबानं. मी दुसरं टोक नुसतं धरून उभी होते, सैल. तरी मनगटं फिरलीच.

"डोंगरावरची शाळा होती," ती म्हणाली. "मोठ्या खिडक्यांची."